सात वर्षांचे कोरे टायर

पत्राचा सारांश: सोलापुरातल्या एका वाचकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. वय सत्तेचाळीस. चार वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. वजन जेमतेम टनभर, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. रविवारी सकाळी तुळजापूर, कधी अक्कलकोट, वर्षातून एक-दोनदा पुणे. सगळं मिळून वर्षाला तीनेक हजार किलोमीटर. टायर १९५/५० आर १५, गाडीसोबत आलेलेच. नक्षी अजून ५ मिलिमीटर शिल्लक. पण गेल्या सप्टेंबरात तुळजापूरच्या घाटात ओल्या वळणावर गाडीचं मागचं अंग अचानक बाहेर फेकलं गेलं आणि कठड्याच्या अलीकडे कसंबसं थांबलं. तेव्हापासून सल्ल्यांचा पाऊस पडतोय. मालवाहू टेम्पो चालवणारे थोरले बंधू म्हणतात, "टायर कोरे आहेत, तू हळू चालव. फारच वाटलं तर दोन बदल." पुण्याचा मित्र म्हणतो, "शर्यतीच्या ट्रॅकवरचे, कमी खाचांचे सेमी-स्लिक मागवू." नेहमीचे टायरवाले म्हणतात, "हा साइज येत नाही साहेब. १९५/६० टाका, गाडी उचलेल, ब्रेकरला घासणार नाही. नाहीतर सरळ १७ इंची अलॉय घ्या." वीस वर्षांच्या मुलीला ही गाडी शिकायची आहे आणि तिची आई 'टायरचं ठरल्याशिवाय चावी मिळणार नाही' म्हणून बसली आहे. वाचक विचारतात, "यातलं कुणाचं ऐकू?"

नमस्कार,

गाडीचं नाव मुद्दाम छापलेलं नाही. सोलापुरात तशा असून असून किती असणार? नाव आलं की सात रस्त्यावरचा चहावालासुद्धा सांगेल कुणाची ते, आणि घाटातली गोष्ट संध्याकाळपर्यंत तुमच्या सासुरवाडीत पोचेल.

कुणाचं ऐकायचं म्हणाल तर आधी वहिनींचं. चावी सध्या त्यांच्याकडेच राहू द्या. बाकीचे तिघं खोटं बोलत नाहीत, पण तिघंही बोलताहेत ते दुसऱ्याच गाडीबद्दल. दादांच्या डोळ्यांसमोर टेम्पो आहे. टेम्पोचा टायर म्हातारा व्हायला सवडच मिळत नाही, त्याआधी तो गोटा होतो. म्हणून नक्षी आहे तोवर टायर चांगला, हा त्यांचा हिशोब त्यांच्या धंद्यात बरोबर आहे. मित्राच्या डोळ्यांसमोर ट्रॅक आहे. आणि दुकानदाराच्या डोळ्यांसमोर त्याचं गोदाम आहे, त्यालाही नावं ठेवायला नकोत.

तुम्ही टायरच्या बाजूचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या तीन टायरांवर ३११८ आहे, म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. सात वर्षं उलटली. चौथा, मागचा डावा, ०९१६. तो २०१६ च्या फेब्रुवारी-मार्चमधला आहे. आधीच्या मालकानं कधीतरी पंक्चर भागवायला पडलेला टायर लावलेला दिसतो. घाटात सुटलं ते मागचंच अंग, हे मी तुमच्या पत्रात दोनदा वाचलं. एका फोटोवरून निकाल देता येत नाही, पण माझा संशय त्या डाव्या टायरवरच आहे. (डिकीतल्या स्टेपनीचे आकडेही बघून ठेवा. तो टायर गाडीएवढाच जुना निघाला तर नवल नाही.)

तुमच्या सगळ्या पत्रामागे एक गृहीत आहे: टायर संपतो तो झिजून. रोज साठ किलोमीटर पळणाऱ्या गाडीला ते लागू पडतं. तुमच्या गाडीचा टायर मात्र वयानं संपतो. रबराला मऊ ठेवणारी तेलं हळूहळू उडून जातात, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करतात, आणि उष्णता ही सगळी कामं घाईनं उरकते. आता तुमची गाडी कुठे उभी असते ते आठवा. तुम्हीच लिहिलंय: कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्रमागांच्या भिंतीला लागून. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली त्याहून वर. शिवाय विजेच्या मोटारी आणि वेल्डिंग यांच्या आसपास ओझोन तयार होतो, म्हणून टायर त्यांच्यापासून लांब ठेवावेत असं टायर कंपन्याच सांगतात. तुम्ही गाडीला सावली दिलीत ती यंत्रमागांच्या मोटारींच्या शेजारी. जागा बदला. नाहीच जमलं तर निदान महिना-महिना एकाच जागी उभी ठेवू नका.

रबर कडक झालंय का ते बघायचं असेल तर शोअर ड्युरोमीटर नावाचं डबीएवढं उपकरण मिळतं. त्याची सुई रबरात दाबायची. नव्या चांगल्या टायरवर आकडा साधारण ६० ते ६५ च्या घरात येतो. ७५ च्या पुढे गेला तर नक्षी कितीही खोल असो, ओल्या डांबरावर तो टायर घसरणारच. उपकरण नसेल तर गाडी पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या खाचांच्या तळाशी टॉर्च मारा. केसासारख्या बारीक भेगा दिसतील. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर काहीही झालं तरी बदल, हा कंपन्यांचा सल्ला असतो आणि तो फारसा कुणाच्या कानावर जात नाही. आपल्या उन्हात मी दहाची वाट बघणार नाही. सहा-सात पुष्कळ झाली.

हे फक्त स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी नाही. ज्यांच्या घरी आईवडिलांची गाडी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनापुरती आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघते, त्यांनीही आजच ते चार आकडे वाचावेत.

टायर वयानं संपतो हे एकदा मान्य केलं की खरेदीचं अर्धं गणित आपोआप सुटतं. वर्षाला तीन हजार धरले तर सहा वर्षांत अठरा हजार किलोमीटर. मग पन्नास हजार किलोमीटर चालणारा कडक टायर घेऊन तुम्ही काय वाचवणार? उरलेले बत्तीस हजार किलोमीटर तुम्ही भंगारात देणार. टॅक्सीवाल्याला आयुष्य हवं असतं, तुम्हाला पकड. पंचवीस-तीस हजार किलोमीटरमध्ये संपणारा मऊ टायर तुमच्यासाठी महाग नाहीच. टायरवर ट्रेडवेअर म्हणून आकडा छापलेला असेल तर बघा. ४०० च्या पुढचे टायर सहसा टिकाऊपणासाठी बनवलेले, साधारण २२० ते ३४० च्या दरम्यानचे पकडीसाठी. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीवरून देते, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० यांची गाठ घालू नका. त्याच्या शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए, ए, बी, सी. ते ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचं आहे. तिथे ए च्या खाली उतरू नका.

मग मित्राचा सेमी-स्लिक का नको? त्याचा ट्रेडवेअर शंभरच्या आसपास, पकड अफाट, हे सगळं खरं. पण ती पकड टायर तापल्यावर मिळते, आणि टायर तापतो तो वजनानं आणि सततच्या ताणानं. टनभराची गाडी डिसेंबरातल्या गार सकाळी तुळजापूरला निघाली तर देवीच्या पायऱ्या येईपर्यंत तो टायर धड कोमट होणार नाही. दुसरं म्हणजे त्याला खाचा कमी. आपल्याकडे पाऊस बेताचा खरा, पण जो पडतो त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो, एकदम आणि धो धो. शिवाय आपल्या रस्त्यावर नुसतं पाणी कुठे असतं? शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीचा थर डांबरावर आणून ठेवलेला असतो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं पाचट असतं. अशा जागी खाचा लागतात. तिसरी अडचण मिळण्याची. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, परवाना लागू लागला. त्यामुळे असा दुर्मीळ टायर कुणी 'आहे माझ्याकडे' म्हणालाच तर आधी तारीख विचारा. गोदामात चार वर्षं पडलेला ट्रॅक टायर तुम्हाला पूर्ण किमतीत नको. आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघा, तो सक्तीचा आहे. मित्राला ट्रॅकवर जायचं असेल तर जाऊ द्या, पण त्याचे टायर त्याच्या गाडीला.

आता साइज. इथे थोडा आकडेमोडीचा त्रास देतो, कारण दुकानात ऐनवेळी हीच उपयोगी पडते. १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५० म्हणजे भिंतीची (बाजूच्या रबराची) उंची रुंदीच्या ५० टक्के, १५ इंचांचं रिम. भिंत ९७.५, ती दोनदा, अधिक रिमचे ३८१. तुमच्या चाकाचा व्यास भरतो ५७६ मिलिमीटर. दुकानदाराचा १९५/६० भरतो ६१५. जवळजवळ सात टक्के मोठा. स्पीडोमीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८५ नं पळत असेल, प्रत्येक गिअर लांबल्यासारखा होऊन गाडी सुस्त वाटेल, आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या अस्तराला घासायची शक्यता वाढेल. एवढं करून गाडी उचलली किती? व्यासातल्या फरकाच्या निम्मी, दोन सेंटिमीटर. तेवढ्यासाठी हलक्या गाडीची सगळी मजा घालवायची का?

१७ इंची अलॉयचं तर बोलूच नका. तिथे जो ४० ची भिंतवाला टायर बसतो, त्यात पावणेदहा सेंटिमीटरचं रबर आठवर येतं. शहरातले निम्मे ब्रेकर रंगवलेलेही नसतात, त्यातला एक रात्री चुकला की रिम वाकतं. शिवाय मोठं रिम बहुधा जड असतं आणि स्प्रिंगखालचं ते वजन हलक्या गाडीला लगेच जाणवतं.

माझा क्रम असा: आधी १९५/५० आर १५ साठीच जीव काढा. सोलापुरात नाही म्हणजे पुण्यात आणि हैदराबादेत नाही असं होत नाही, ऑनलाइनही विचारा. तो खरंच मिळालाच नाही तर २०५/५० आर १५, व्यास ५८६, फरक दोन टक्क्यांच्या आत. किंवा १८५/५५ आर १५, व्यास ५८४ च्या वर थोडा, फरक दीड टक्का. मित्र या शेवटच्याला हसेल, हसू द्या. टनभराच्या गाडीला अरुंद टायर शोभतो, स्टिअरिंग मोकळं होतं, पाणीही लवकर कापलं जातं. १९५/५५ चा फरक साडेतीन टक्क्यांच्या जवळ जातो. तिथे मी नाइलाजानंच जाईन, तेही चारही चाकं पूर्ण वळवून, खाली वर दाबून घासत नाहीत हे बघून. कंपनीच्या यादीत नसलेला साइज लावायचा असेल तर विमावाल्यांना आधी विचारलेलं बरं, पुढे दाव्याच्या वेळी त्यांना निमित्त नको.

साइजच्या पुढे ८२ व्ही असं काहीतरी असतं. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो पेलण्याची ताकद, चारांचे मिळून १,९०० किलो. व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत. तुमच्या गाडीला एवढं रग्गड झालं. दुकानात 'एक्सएल घ्या, जास्त मजबूत' म्हणतील. एक्सएलची भिंत कडक असते, ती जड गाडीसाठी. तुमची गाडी तिच्यावर नुसती उड्या मारेल.

रुंद टायरची पकड जास्त, हा समज सगळीकडे आहे म्हणून एक भागाकार करून दाखवतो. तुमच्या एका चाकावर अडीचशे किलो. हवा २९ पीएसआय धरली तर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. भागाकार आला सव्वाशे चौरस सेंटिमीटर. टपालखात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं, तेवढाच प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग. टायर रुंद केला तरी क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, पोस्टकार्ड फक्त आडवं होतं. आणि आडवं झालं की पुढून येणारं पाणी जास्त रुंदीत बाजूला सारावं लागतं. हलकी गाडी, रुंद टायर, कडक रबर: पाण्यावर तरंगायला आणखी काय हवं?

याच भागाकारात हवेचं महत्त्व आहे. पंपावर विचारल्याशिवाय ३५ भरतात. तुमचं पोस्टकार्ड तिथे शंभर चौरस सेंटिमीटरवर येतं, टायर मधोमध फुगतो आणि गाडी रस्त्यावरची प्रत्येक खडी मोजते. दाराच्या चौकटीवर स्टिकर असेल, त्यावरचा आकडा पाळा. अशा गाड्यांना तो बहुधा २६ ते ३० च्या मध्ये असतो. मोजायचं सकाळी, गाडी हलवायच्या आधी. हवेचं तापमान दहा अंशांनी चढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं चढतो. मेमध्ये दुपारी तापलेल्या टायरमधून 'जास्त झाली' म्हणून हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर कमी हवेवर पळेल, आणि कमी हवेचा टायर आतून तापतो. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

दादांच्या 'दोन बदल' बद्दल. दोनच घेण्यासारखी परिस्थिती असती तर नवे दोन मागे लावायचे, ओढ कुठल्याही चाकांना असो. मागची पकड गेली की गाडी सावरणं अवघड. पण तुमचे चारही जुने आहेत. मागे नवे मऊ आणि पुढे सात वर्षांचे कडक लावलेत तर ओल्या वळणावर गाडी वळायचंच नाकारेल. चारही, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे दादांना जरूर सांगा, टेम्पोच्या बिलातही दिसेल त्यांना.

ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण या साइजमध्ये आज जे मिळतं ते तीन महिन्यांनी मिळेलच असं नाही. योकोहामा, ब्रिजस्टोन, मिशेलिन, कॉन्टिनेंटल, अपोलो, एमआरएफ, सिएट, सगळ्यांकडे चौकशी करा. आणि एकसारखे दोन पर्याय समोर आले तर नव्या तारखेचा घ्या. मधल्या प्रतीचा सहा महिन्यांपूर्वीचा टायर मी भारी प्रतीच्या तीन वर्षं जुन्या टायरपेक्षा वर धरेन. पैसे द्यायच्या आधी चारही टायरांचे आकडे स्वतः वाचा आणि बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मागवलात तर पाठवण्याआधी त्या आकड्यांचा फोटो मागा. बसवताना व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि नट शेवटी टॉर्क पान्यानं. नुसती एअर गन मारून अलॉयचे नट आवळतात ते थांबवा.

आता लेकीचं. तिच्यासाठीही हीच निवड बरोबर आहे. चांगला रस्त्याचा टायर सुटण्याआधी सांगतो: आधी कुरकुरतो, मग हळूहळू सरकतो. सेमी-स्लिक आणि कडक म्हातारा टायर दोघंही शेवटपर्यंत गप्प बसतात आणि एकदम सोडतात. शिकणाऱ्याला बोलका टायर हवा. नवे टायर बसल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तुम्ही स्वतः सबुरीनं चालवा, वरचा गुळगुळीत थर जाऊ द्या. मग तिला रुंद, रिकाम्या रस्त्यावर, कोरड्यात. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत वळणाच्या मध्यावर एकदम ॲक्सिलरेटर सोडायचा नाही आणि ब्रेकवर उभं राहायचं नाही, वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, एवढं तिच्या अंगवळणी पडलं की मग पाऊस, आणि घाट सगळ्यात शेवटी. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ओल्यात ब्रेक कसा दाबायचा हा वेगळा धडा घ्यावा लागेल. आणि हवा मोजायचा गेज विकत आणून तिच्याच हातात द्या. दर रविवारी निघण्याआधी चारही आकडे तिनं वहीत लिहायचे. वहिनींना ती वही दाखवलीत तर चावीचा प्रश्न माझ्या सल्ल्याशिवाय सुटेल.

राहिले जुने टायर. दुकानदार म्हणेल, "राहू द्या इथेच, बिलात काहीतरी कमी करतो." नक्षी ५ मिलिमीटर आहे, काळी पॉलिश मारली की ते नव्यासारखे दिसतील आणि कुणा गरजूच्या गाडीला लागतील. तेव्हा तिथेच उभं राहून चारही टायरांच्या भिंतीला आरपार काप मारून घ्या, त्या ०९१६ ला सगळ्यात आधी. बिलातली सूट गेली तर जाऊ द्या.